काळ्या मातीतला चाचणी चर

यवतमाळ जिल्ह्यात एखादा रस्ता, रेल्वेमार्ग, कालवा किंवा धरण बांधायचे ठरले, की त्या जागेची तपासणी अनेक अंगांनी होते. काळ्या मातीचा थर किती जाड आहे, मुरूम किती खोलीवर लागतो, पावसाळ्यात नाल्याचे पाणी कुठपर्यंत चढते आणि भरावासाठी लागणारी माती कोणत्या शिवारातून आणता येईल, याची टिपणे अभियंते काळजीपूर्वक करतात. सातबाऱ्यावरील नावे, विहिरी आणि झाडे यांची मोजणी महसूल खाते करते. परंतु त्या जमिनीत पूर्वी कधी माणसे राहून गेली होती का, हा प्रश्न या यादीत क्वचितच असतो, आणि असलाच तर जवळपास नोंदलेले स्मारक नाही, एवढ्या एका वाक्यात त्याचे उत्तर आटोपते. या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर देणारे पुरातत्त्वातील सर्वांत साधे साधन म्हणजे चाचणी चर. ठरावीक लांबी-रुंदीचा, सरळ कडांचा हा चर नैसर्गिक, म्हणजे मानवी वावराचा स्पर्श न झालेल्या मातीपर्यंत खणला जातो, आणि त्याच्या उभ्या भिंतीत दिसणारे थर, त्या थरांतील खापरे, राख, हाडे व चुन्याचे तुकडे यांवरून तेथे वस्ती होती की नाही, असल्यास किती काळ टिकली आणि तिचे अवशेष किती खोल गेले आहेत, हे ठरवले जाते. पूर्ण उत्खननाला अनेक हंगाम मिळू शकतात. चाचणी चराला मिळणारा वेळ बांधकामाचे यंत्र शिवारात येईपर्यंतचाच असतो.

युरोपात ही पद्धत आता नित्याची झाली आहे. इंग्लंडमध्ये १९९० साली शासनाने नियोजनविषयक मार्गदर्शक सूचना काढून बांधकामाची परवानगी मागणाऱ्यानेच जमिनीतील अवशेषांची आधी तपासणी करून द्यावी, असा दंडक घातला. १९९२ साली माल्टातील वॅलेटा येथे झालेल्या युरोपीय करारात हेच तत्त्व अनेक देशांनी स्वीकारले, आणि फ्रान्सने जानेवारी २००१ मध्ये प्रतिबंधक पुरातत्त्वाचा, म्हणजे नाश होण्याआधीच तपासणी करण्याचा, स्वतंत्र कायदा केला. तेथे प्रकल्पाच्या एकूण क्षेत्रापैकी काही टक्के जमीन समांतर चर घेऊन प्रत्यक्ष उघडली जाते आणि त्या नमुन्यावरून उरलेल्या जमिनीविषयी अनुमान बांधले जाते. भारतातील कायद्याची रचना वेगळी आहे. १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम आणि महाराष्ट्राचा १९६० चा तत्सम अधिनियम हे प्रामुख्याने घोषित स्मारकांचे रक्षण करतात. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. संरक्षित नसलेल्या जमिनीतही राज्य शासनाला केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय उत्खनन करता किंवा करू देता येत नाही, असे १९५८ च्या अधिनियमाचे २४ वे कलम सांगते. म्हणजे अभ्यासकाने जपून खणायचे झाले तर परवाना लागतो. त्याच शिवारातून भरावासाठी माती उचलायची झाली, तर त्या मातीत काय आहे हे आधी पाहण्याचे बंधन कोणावरही नाही. माती खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही पुरलेले सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही सांगतो, परंतु त्या कायद्याच्या नजरेसमोर सोन्या-चांदीचा हंडा आहे. चुलीतल्या राखेचे आणि घराच्या जमिनीचे मोल रुपयांत करता येत नाही, त्यामुळे ती त्याच्या जाळ्यातून सहज निसटते. पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीसाठी २००६ ची अधिसूचना आहे, पण तिच्या अनुसूचीत रेल्वेमार्गांचा समावेशच नाही.

यवतमाळच्या दृष्टीने ही उणीव दूरची राहिलेली नाही. सुमारे २८४ किलोमीटर लांबीचा वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग जिल्ह्याच्या मधून जात आहे आणि त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरूही झाला. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत आखलेला शक्तिपीठ महामार्ग याच जिल्ह्यातून नेण्याचे प्रस्तावित आहे. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा नदीवर धरण उभे राहिले, त्याचे कालवे शिवाराशिवारातून गेले, आणि दक्षिण सीमेवर निम्न पैनगंगा प्रकल्पाचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. या सर्व कामांची लोकोपयोगिता मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती अशी की ही सगळी कामे नदीकाठच्या आणि दोन खोऱ्यांमधल्या त्याच जमिनीवर येतात, जिच्यावर माणसाने गेली तीन हजार वर्षे घरे बांधली.

तीन हजार वर्षांचा हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे २०२३-२४ च्या हंगामात उत्खनन केले. गावाबाहेरच्या टेकाडात ८.७३ मीटर जाडीचा सांस्कृतिक निक्षेप, म्हणजे माणसाच्या वावरामुळे एकावर एक साचलेला थर, मिळाला. त्याच्या तळाशी लोहयुगीन वस्ती, तिच्यावर सातवाहन काळ, त्यावर मध्ययुग आणि अगदी वर निजामकाळातील टेहळणीची जागा, असा हा क्रम आहे. लोहयुगाच्या थरात चुन्याच्या जमिनी असलेली गोल घरे, भोवतीच्या लाकडी खांबांच्या खुणा, चूल, खापरे, लोखंडी वस्तू, मौल्यवान दगडांचे मणी आणि हाडाच्या वस्तू सापडल्या. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात नमुन्यांचे कालमापन झाल्यावर वस्तीचा आरंभ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे गेला. हे काम कोणत्याही बांधकामाच्या निमित्ताने झाले नव्हते. विद्यापीठाने संशोधनासाठी हाती घेतलेला तो प्रकल्प होता. तरीही बांधकामापूर्वी चाचणी चर घेणाऱ्याला पाचखेडपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण या जिल्ह्याच्या मातीत काय असू शकते याची मोजपट्टीच त्या एका टेकाडाने हाती दिली आहे.

विदर्भातला शेतकरी अशा टेकाडाला ओळखतो. शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी हा भेद गावगाड्यात जुनाच आहे, आणि उजाड झालेल्या गावाची जागा महसुली कागदांत रीठ म्हणून वेगळी दाखवलेली असते. मातीच्या भिंती कोसळून, चुलीची राख, शेण, भुसा आणि हाडे मिसळून, पिढ्यान्‌पिढ्या सारवलेल्या जमिनी एकमेकींवर दबून ही पांढरी तयार होते. ती भुसभुशीत व खतावलेली असल्यामुळे तिच्या गाड्या भरून वावरात टाकण्याची आणि तिनेच घराच्या भिंती रचण्याची रीत सर्वत्र होती. त्यामुळे अनेक टेकाडे बांधकामाची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी निम्मी झालेली आढळतात. बाजूने कापलेल्या अशा टेकाडाचा उभा छेद अभ्यासकाला विनासायास पाहायला मिळतो आणि पहिल्या पाहणीत त्याचाच आधार घेतला जातो. मात्र उरलेल्या टेकाडाच्या उंचीवरून वस्तीचे वय ठरवण्याचा मोह येथे आवरावा लागतो, कारण वरचे शतकभराचे किंवा पाच शतकांचे थर कधीच शेतात पसरून गेलेले असू शकतात.

चर कोठे घ्यायचा हे जमिनीवर जाण्याआधी कागदावर ठरते. हेन्री कझेन्स यांनी १८९७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा हा जिल्हा वणी या नावाने ओळखला जात होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. अशा याद्यांत हेमाडपंती देवळे, बारवा आणि कोरीव दगड आढळतात, कारण त्या काळी अवशेष म्हणजे दगडी वास्तू अशीच समजूत होती. मातीच्या वस्त्यांना त्यांत जवळजवळ स्थान नाही. म्हणून यादीच्या जोडीला गाव नकाशे, भारतीय सर्वेक्षण विभागाची भूपत्रके आणि १९६० च्या दशकात अमेरिकी टेहळणी उपग्रहांनी घेतलेली, १९९५ साली खुली झालेली छायाचित्रे पाहिली जातात. या छायाचित्रांचे मोल विशेष आहे, कारण ट्रॅक्टरने सपाटीकरण होण्याआधीचे शिवार त्यांत टिकून राहिले आहे आणि आज डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तेथे फिकट डागासारखा उमटतो. त्यानंतर तुरीची कापणी आणि कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाटी उपटली गेली, की उघड्या रानात ओळीने चालत खापरांची नोंद केली जाते.

येथपर्यंतचे काम महाराष्ट्रात कोठेही सारखेच चालते; यवतमाळच्या काळ्या मातीत मात्र त्याला एक अडचण आडवी येते, आणि चाचणी चराची खरी गरज तिच्यामुळेच पटते. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते, कारण तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाण्याचे रेणू आपल्या पापुद्र्यांमध्ये सामावून घेणारे असते. एप्रिल-मेमध्ये वावरात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि त्या मीटरभर किंवा त्याहूनही खोल जातात. वरची खापरे, खडे, अगदी खताच्या पिशवीचे तुकडेही या भेगांतून खाली पडतात. पावसाळ्यात भेगा मिटल्या की ते तेथेच अडकतात, आणि खालची माती फुगून वर सरकताना काही वस्तू उलट दिशेने पृष्ठभागाकडे येतात. हे शतकानुशतके चालू राहिले, की वरवर पाहून केलेले अनुमान दोन्ही बाजूंनी चुकते. रानात खापरांचा सडा दिसतो आणि खाली वस्ती नसते, कारण ती खापरे पांढरीच्या मातीबरोबर खत म्हणून आलेली असतात. किंवा रान स्वच्छ दिसते आणि दीड मीटर काळ्या मातीखाली, नदीच्या जुन्या पुराच्या गाळात झाकलेली, घरांची रांग शाबूत असते. बांधकामाच्या अहवालात अवशेष आढळले नाहीत असे लिहिले जाते ते बहुधा अशा वरवरच्या पाहणीच्या बळावर, आणि काळ्या मातीच्या प्रदेशात त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. हा दोष पाहणाऱ्याच्या नजरेचा नाही; ज्या जमिनीवर पृष्ठभाग आणि पोट यांचा संबंध तुटलेला आहे, तेथे पोट उघडूनच पाहावे लागते.

प्रत्यक्ष चर घेताना पहिली काळजी ऋतूची घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत मातीत ओल असते आणि थरांचे रंग वेगळे दिसतात. एप्रिलपर्यंत चराची भिंत भाजून एकसारखी राखाडी होते, तिला भेगा पडतात आणि आदल्या आठवड्यात स्पष्ट दिसणाऱ्या रेषा पुसट होतात. चराच्या कडा दोरी ताणून आखल्या जातात, उंचीचा एक स्थिर बिंदू निश्चित होतो आणि नंतरची प्रत्येक खोली त्याच्यापासून मोजली जाते. वरचा नांगरटीचा थर टिकासाने व फावड्याने काढून त्याची माती वेगळ्या ढिगात ठेवतात. त्याखाली खुरप्याचे काम सुरू होते आणि घमेल्यातून वर गेलेली माती चाळणीतून जाते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असताना थरानुसार खणण्याची जी शिस्त येथे घालून दिली, तिचा गाभा आजही हाच आहे, की ठरावीक सेंटिमीटर मोजून खाली जाण्यापेक्षा मातीचा एक थर जेथे संपतो तेथे थांबावे, त्याला क्रमांक द्यावा आणि मगच पुढच्या थराला हात लावावा.

थर संपल्याचे डोळ्यांआधी हाताला कळते. काळी माती खुरप्याला चिकटते, पांढरी निसटते, आणि घराची चोपलेली जमीन लागली की खुरप्याच्या टोकाचा आवाजच बदलतो. अनुभवी मजूर तेथे आपणहून हात थांबवतात. त्यानंतरचे काम अतिशय सावकाश चालते. जमिनीचा पृष्ठभाग झाडून स्वच्छ केला जातो, उन्हे कलली की त्याच्यावर फवाऱ्याने हलके पाणी मारले जाते, आणि माती ते पिऊ लागते तसे तिचे रंग वेगळे होत जातात. सभोवतालची माती लवकर फिकट पडते. ज्या ठिकाणी कधीकाळी लाकडी खांब रोवलेला होता तेथे खांब कुजून किंवा जळून त्याच्या जागी भुसभुशीत, सेंद्रिय, अधिक ओल धरणारी माती भरलेली असल्यामुळे वीतभर व्यासाचे काळपट वर्तुळ काही मिनिटे स्पष्ट राहते. तेवढ्या वेळात त्याची कड खुरप्याने कोरून घ्यावी लागते. असे एक वर्तुळ उंदराचे बीळ असू शकते, दोनही असू शकतात. परंतु सारख्या अंतरावरची चार-पाच वर्तुळे एका कमानीत आली आणि त्यांच्या आतल्या बाजूला चुन्याने सारवलेली जमीन असली, तर गोल घराची भिंत सापडली असे म्हणता येते. दोन मीटर रुंदीच्या चरात त्या घराचा फक्त एक तुकडा येतो. तो तुकडा पाहून उरलेले घर उघडण्याची ओढ प्रत्येक खणणाऱ्याला होते, आणि चाचणी चराची शिस्त नेमकी त्याच क्षणी कसोटीला लागते, कारण येथे विचारलेला प्रश्न घर कसे होते हा नसून घर आहे का एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर मिळालेले असते.

याच थरात काळी-तांबडी खापरे मिळाली, तर काळाविषयी पहिला अंदाज बांधता येतो. ही भांडी भट्टीत उपडी ठेवून भाजली जात, त्यामुळे आतल्या भागाला व काठाला हवा न मिळून ते काळे राहत आणि बाहेरचा भाग तांबडा होई. विदर्भातील लोहयुगीन संस्कृतीची ती ठळक खूण आहे. नागपूर परिसरातील टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड या स्थळांनी ती सर्वपरिचित केली. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे मृतांसाठी रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत, घोड्यांचे अवशेष मिळाले, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. मात्र खापरांवरून आलेला काळ हा शतकांच्या मापातला असतो आणि नेमकेपणासाठी कोळशाचा नमुना घ्यावा लागतो. तो बोटांनी न उचलता स्वच्छ हत्याराने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळतात, त्याच्यावर चराचा व थराचा क्रमांक लिहितात, आणि भेगेच्या जवळचा तुकडा कितीही मोठा असला तरी घेत नाहीत. त्वरक पद्धतीने आता काही मिलिग्रॅम कार्बनही पुरतो. तरीही या काळासाठी निसर्गाने एक गुंता करून ठेवला आहे. वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण इसवी सनपूर्व सुमारे ८०० ते ४०० या चार शतकांत असे बदलत गेले, की त्या अवधीतील निरनिराळ्या वर्षांचे नमुने प्रयोगशाळेत जवळजवळ सारखेच वय दाखवतात. विदर्भातील लोहयुगाचा भरभराटीचा काळ नेमका त्याच अवधीत पडतो. म्हणून येथे प्रयोगशाळेच्या आकड्याइतकाच थरांचा क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि भरावासाठी माती उचलताना सर्वांत आधी नष्ट होतो तो हा क्रमच. विखुरलेली खापरे नंतरही गोळा करता येतात. कोणता थर कोणाच्या वर होता हे पुन्हा जुळवता येत नाही.

रस्त्यामुळे अवशेषांना पोचणारी हानी रस्त्याच्या पट्ट्यातच होते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. प्रत्यक्ष मार्ग आखताना गावठाण व देवळे बहुधा टाळली जातात, त्यांचा मोबदलाही ठरलेला असतो. खरा धोका असतो तो भरावाच्या मुरूम-मातीसाठी घेतल्या जाणाऱ्या खड्ड्यांचा. काळी माती फुगते-आकसते म्हणून ती भरावाला चालत नाही. मग मुरमाचा माळ, ज्याला विदर्भात बरड म्हणतात, तो शोधला जातो. शेतीला निरुपयोगी असल्यामुळे तो स्वस्त मिळतो आणि त्याच्यावर कोणाचे पीक उभे नसते. लोहयुगातील माणसांनीही असाच हिशेब केला होता: नदीकाठची सुपीक जमीन शेतीला आणि वस्तीला, आणि मृतांसाठी दगडांची वर्तुळे रचायला बरड. विदर्भातील शिळावर्तुळे मोठ्या संख्येने अशा मुरमाड माळांवरच आहेत. वर्तुळाचे दगड ओळखीचे नसतील तर ते शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या दगडांसारखेच दिसतात, आणि मुरमाबरोबर तेही उचलले जातात. तेव्हा चाचणीचे क्षेत्र आखताना रस्त्याच्या मध्यरेषेबरोबर मुरमाच्या खाणी, खडी यंत्राची जागा, मजुरांच्या वसाहती आणि वाहनांचे तात्पुरते रस्ते हेही धरले नाहीत, तर ती चाचणी निम्मीच राहते. शेततळी, पांदण रस्ते आणि नाला खोलीकरण यांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण एकेक काम लहान असल्याने कोणत्याच तपासणीच्या कक्षेत ते येत नाही. पण ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे एक शेततळे नदीकाठच्या पांढरीत पडले, तर कोणत्याही विद्यापीठाने अनेक हंगामांत उघडले नसते एवढे क्षेत्र ते मोजक्या दिवसांत रिकामे करते.

चाचणी चराच्याही मर्यादा आहेत आणि त्या या जिल्ह्यात विशेष जाणवतात. यवतमाळच्या डोंगराळ भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. बांबूच्या कुडाला माती लिंपून बांधलेली त्यांची पारंपरिक घरे उठली, की काही पावसाळ्यांनंतर खांबांच्या खळग्यांपलीकडे विशेष काही उरत नाही. टेकाड होण्यासाठी मातीच्या भिंती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा एकाच जागचा मुक्काम लागतो. ज्यांनी हलकी घरे बांधली आणि जागा बदलल्या, त्यांचा इतिहास टेकाडांवरून लिहिलाच जाऊ शकत नाही. दोन मीटर रुंदीचे चर पन्नास मीटरांच्या अंतराने घेतले, तर अशी एखादी वस्ती दोन चरांच्या मधून सहज निसटेल. म्हणून चरांची आखणी जमिनीच्या उतारानुसार, जुन्या पाणवठ्यांच्या जवळ दाट आणि उघड्या माळावर विरळ अशी करणे इष्ट असते, आणि पोडावरच्या वृद्धांना जुन्या जागा विचारणे हाही त्या आखणीचाच भाग मानायला हवा. नकाशावर कधीच न आलेल्या जागा फक्त त्यांच्या स्मरणात असतात.

शेतकऱ्याची संमती हा कामाचा सर्वांत नाजूक भाग असतो. जमिनीत काही निघाले तर सरकार वावर घेईल, ही भीती सार्वत्रिक आहे आणि तिला अज्ञान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. संपादनाचा अनुभव घेतलेल्या प्रदेशात ती अनुभवातून आलेली आहे. गुप्तधनाची चर्चाही चराबरोबर गावात शिरते. या दोन्हींवर उपाय एकच असतो, तो म्हणजे चर उघड्यावर, सर्वांना पाहू देत घेणे, काय निघाले ते त्याच संध्याकाळी दाखवणे, आणि हाडाच्या तुकड्याची किंवा जळक्या दाण्याची नोंद सोन्याच्या मण्याइतक्याच काळजीने होते हे लोकांना दिसू देणे. कामावर येणाऱ्या स्त्री-पुरुषांचे मातीचे ज्ञान पुष्कळदा पदवीधराहून सूक्ष्म असते. कापूस वेचताना सरावलेली बोटे चाळणीतला तांदळाएवढा मणी अचूक टिपतात, आणि विहीर खणलेला माणूस मुरमाचा रंग पाहून पुढे पाणी आहे की खडक हे सांगतो. अहवालात या लोकांची नावे यावीत हा आग्रह धरण्यासारखा आहे. आजवर ती क्वचितच आली आहेत.

रिकाम्या चराविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. घेतलेल्या चरांपैकी पुष्कळ चरांत काळी माती, तिच्याखाली चुनखडीच्या गाठी असलेली पिवळसर माती आणि मग मुरूम, एवढेच निघते. अशा चराचे रेखाचित्र काढण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक असले, तरी बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी कागद तोच असतो, कारण मार्ग कोठे सरकवता येईल हे तो सांगतो. पाचखेडसारखे टेकाड मार्गात आले, तर पूर्ण उत्खननाला अनेक हंगाम आणि मोठा निधी लागेल. त्याच वेळी दोनशे मीटरांवरचे शिवार रिकामे असल्याचे चाचणीने दाखवले, तर आखणीतील रेषा वळवणे कितीतरी स्वस्त पडते. मात्र ही रेषा वळवता येते ती संपादनाची अधिसूचना निघण्यापूर्वी. त्यानंतर मोबदले ठरतात, कंत्राटे निघतात, दर दिवसाच्या विलंबाला किंमत येते, आणि मग अवशेष सापडणे हे सर्वांच्याच दृष्टीने संकट होऊन बसते. शोधणाऱ्यालाही ते आनंदाचे राहत नाही.

भारताने मोठ्या प्रमाणावर असे काम एकदा करून दाखवले आहे. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणामुळे नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार हे ठरल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५४ ते १९६० या काळात तेथे उत्खनन केले, अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष नोंदवले आणि निवडक वास्तू उचलून टेकडीवर व काठावर पुन्हा उभारल्या. ते काम अभिमानास्पद आहे, तरी त्याचा आरंभ धरणाची जागा पक्की झाल्यावरचा होता. धरण कोठे असावे या निर्णयात त्याला वाटा नव्हता. पैनगंगेच्या काठी पाणी चढण्याआधी अजून वेळ आहे, तेथे हा क्रम उलटा करता येईल. विद्यापीठांचे पुरातत्त्व विभाग, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय आणि प्रकल्पाची यंत्रणा यांनी एका हंगामाचे काम वाटून घेतले, तरी नदीकाठच्या पट्ट्याचा पहिला विश्वासार्ह नकाशा हाती येऊ शकेल, आणि त्यासाठी लागणारा खर्च प्रकल्पाच्या माती-तपासणीच्या खर्चाशी तुलना करण्याइतकाही मोठा नसेल.

काम संपल्यावर चर बुजवणे हाही त्या कामाचाच भाग आहे. तळाशी वाळूचा पातळ थर किंवा जाड प्लास्टिक अंथरले जाते, म्हणजे पुढे कधी कोणी तेथे खणले तर आधीचा चर कोठवर गेला होता हे त्याला कळेल. मग मुरूम आधी, पिवळी माती त्यावर आणि वेगळी ठेवलेली काळी माती सर्वांत वर, असा क्रम पाळला जातो. तो चुकला तर मुरूम वर येऊन तेवढ्या पट्ट्यात पुढची काही वर्षे पीक धरत नाही, आणि त्या गावात पुन्हा चर घेऊ देण्याची कोणाची तयारी राहत नाही. चराचे अक्षांश-रेखांश, खोली आणि थरांचे टिपण विभागाच्या कपाटात जाते, पण त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक तलाठी दप्तराला देण्याची रीत अजून पडलेली नाही. ती पडली, तर पुढच्या कालव्याची किंवा पांदण रस्त्याची आखणी करायला येणाऱ्या मोजणीदाराला गाव नकाशावरच दिसेल, की गट क्रमांकाच्या पूर्वेकडील भागात दीड मीटरखाली वस्तीचा थर आहे आणि पश्चिमेकडील भाग मुरमापर्यंत रिकामा आहे.